सोरायसिस: मेथोट्रेक्सेटची गोळी की यूव्हीबी प्रकाश?

सोरायसिसमध्ये रोगप्रतिकारक पेशीच त्वचेला चिथावतात; नवी कातडी वर यायचं महिनाभराचं काम 4-5 दिवसांत उरकतं आणि चंदेरी पापुद्रे सुटतात. चट्टे अंगभर असतील तर नुसत्या मलमाने भागत नाही.

मेथोट्रेक्सेट ही चिथावणीच दाबतं, म्हणून सांधेही धरले असतील तर तेच बरं. गोळी आठवड्यातून एकदाच. पाकिटावर ठळक 'सोमवार' लिहून ठेवा. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जिवावर बेतू शकतं. फॉलिक ॲसिड (गोळीचा त्रास कमी करणारं जीवनसत्त्व) वेगळ्या दिवशी. रक्ताची, यकृताची तपासणी ठरलेली. दारू बंद, गरोदरपणात वर्ज्य.

311 नॅनोमीटर तरंगलांबीचा यूव्हीबी (अतिनील प्रकाशाचा एक प्रकार) मात्र गरोदरपणातही चालतो. पण आठवड्याला 3 फेऱ्या, अशा 20-30! (नोकरी सांभाळून कोणाला जमतं?) दाट केसांखाली तो पोचत नाही. खाडे झाले की मात्रा पुन्हा खाली आणावी लागते, नाहीतर कातडी भाजते.