तुएस घेताना आधी आत बघा

उत्तर रशियातल्या वोलोग्दा, अर्खांगेल्स्क भागात आणि सायबेरियात बर्चच्या सालीचे झाकणवाले डबे करतात, ते तुएस. उरलकडे त्यांनाच बुराक म्हणतात. मॉस्कोच्या इझ्माइलोवो बाजारात ते भरपूर मिळतात, ऑनलाइनही मिळतात. लांबून सगळे सारखेच दिसतात, पण एकात ताक राहतं आणि दुसऱ्यात फार तर चहापत्ती. हा फरक बाहेरून कळत नाही, म्हणून झाकण काढून आत बोट फिरवून बघा.

आत उभा जोड लागला नाही तर माल अस्सल. अशा डब्याचं अस्तर म्हणजे सालीची सलग नळी. मे अखेर ते जुलैच्या सुरुवातीला झाडात रस चढलेला असतो आणि साल सुटी होते. तेव्हा तोडलेल्या ओंडक्यावर वर-खाली गोल चीर देतात, साल आणि लाकडाच्या मधे पातळ लवचीक पट्टी सारून चहूकडून मोकळं करतात आणि ओंडका बारीक टोकाकडून ठोकून जाड टोकाच्या दिशेने बाहेर काढतात. मधे एक जरी गाठ आली तरी नळी तिथेच फाटते. फांदी न फुटलेला सरळ बुंधा शोधावा लागतो, आणि किंमत चढते ती त्यामुळेच. उभ्या झाडाची साल काढून ही नळी मिळत नाही.

नळीचा पांढरा भाग बाहेर, गुळगुळीत भाग आत. तिच्यावर दुसरी साल गुंडाळतात, तिची गुळगुळीत बाजू बाहेर. या बाहेरच्या सालीला जोड असतोच: एका कडेच्या बाणासारख्या जिभा दुसऱ्या कडेच्या खाचांत अडकवलेल्या. तो दिसला म्हणून नाक मुरडू नका. नळी बाहेरच्या सालीपेक्षा दोन्ही टोकांना थोडी लांब ठेवतात, टोकं उकळत्या पाण्यात मऊ करतात आणि वरची कड बाहेर दुमडतात. खालच्या बाजूला साल गरम असतानाच किंचित मोठा लाकडी तळ ठोकून बसवतात. साल थंड होताना आवळते आणि तळ पकडून ठेवते. डिंक, खिळा काही नाही. तळाशी गोंदाची चमकदार रेघ दिसली तर तो डबा शोभेचा समजा. आतून वॉर्निश मारलेला असेल तर तोही नको. सालीला त्याची गरजच नाही आणि वास मात्र दुधाला लागतो.

झाकणाची परीक्षा सोपी. झाकणावरची दांडी धरून भरलेला तुएस उचलायचा. झाकण निसटता कामा नये.

नक्षीचं वेगळं. वोलोग्दा भागातल्या वेलिकी उस्त्यूग गावाजवळची शेमोगोद नक्षी सालीतून सुरीने कोरतात आणि जाळीच्या खाली रंगीत कागद घालतात. नळीवर पुन्हा हे नाजूक काम आलं की डबा महाग होतो, ते समजण्यासारखं आहे. मात्र वेलींच्या कडा एकसारख्या तपकिरी, जळल्यासारख्या दिसल्या तर लेसरचं काम आहे. त्याला हाताच्या कामाचा भाव देऊ नये.

दूध या डब्यात दिवसेंदिवस टिकतं, हे विक्रेत्याचं बोलणं अर्धंच धरा. सालीचे थर आणि मधली हवा बाहेरची उष्णता अडवतात, म्हणून थंड घातलेलं बराच वेळ थंड राहतं, इतकंच. तो फ्रिज नव्हे. मीठ, मध, खारवलेल्या अळंब्या हे तिथले नेहमीचे पदार्थ. एकदा तेल-तूप ठेवलं की डाग आणि वास कायमचा, तेव्हा त्याला तो डबा वेगळाच राखावा.

नवा डबा गरम पाण्याने विसळा आणि काही तास भरून ठेवा. तळाच्या कडेला सुरुवातीला थोडा ओलावा दिसला तर घाबरू नका, लाकूड फुगलं की थांबतो. पाणी बाजूने आलं तर नळी फाटलेली आहे, परत करा. धुवायला साबण नको, गरम पाणी आणि थोडा सोडा पुरे. मग उपडा ठेवून सावलीत वाळवा. शेगडीजवळ ठेवू नका, ही साल चुलीला पेटवण म्हणून वापरतात इतकी झटकन पेटते. विदर्भाच्या उन्हाळ्यात रिकामा पडून राहिला तर तळाचं लाकूड आकसून ढिलं होईल. वापरण्याआधी पुन्हा पाण्याने भरून ठेवा. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: झाकण फुगून घट्ट बसतं, तेव्हा दांडी हिसकू नका, झाकण हलक्या हाताने गोल फिरवत वर घ्या.