पुढच्या चाकांची आरसी बग्गी: गिअरबॉक्स पुढे न्यावा, फोरव्हील अर्धी करावी की सगळीच घडवावी?

दिवाळीत भाचा धुळ्याहून आला तो पिशवीत एक जुनी मागच्या चाकांची, म्हणजे मोटार फक्त मागची चाकं फिरवते अशी, आरसी (रिमोटवर चालणारी) बग्गी घेऊनच. चहा व्हायच्या आत त्याने ती ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "मामा, हिला पुढच्या चाकांवर आणायची आहे. हिचाच गिअरबॉक्स पुढे नेऊ, की फोरव्हील, म्हणजे चारही चाकं ओढणारी घेऊन मागचं ड्राइव्ह काढून टाकू?" गेल्या काही वर्षांत मी अशा तीन गाड्या बांधल्या, तिन्ही वेगळ्या वाटांनी. एक मोडून टाकली, एक शेजारच्या पोराला दिली, एक अजून दर रविवारी आमच्या खळ्यावर धावते. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय. हा प्रश्न पडणारा तो एकटा नसणार.

अशी गाडी कशासाठी बांधायची, ते आधी मनाशी पक्कं करा. वेग हवा असेल तर बांधू नका. थ्रॉटल दाबला की गाडीचं वजन मागे सरकतं. मागच्या चाकांच्या गाडीला ते फायद्याचं पडतं. आपल्या गाडीची मात्र ओढणारी चाकं नेमकी त्याच क्षणी हलकी होतात आणि भुसभुशीत मातीत जागेवर फिरत बसतात. चढावर तर हे फारच जाणवतं. सातपुड्याच्या पायथ्याला एका मुरमाड चढावर माझी गाडी निम्म्यावर अडली. तिथेच तोंड फिरवून रिव्हर्समध्ये घेतली तर सरळ वर चढली, कारण तेव्हा ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येऊन वजनाखाली दाबली गेली.

मग मिळतं काय? वळण. मागच्या चाकांची बग्गी धुळीत जरा जास्त थ्रॉटल दिला की शेपूट फिरवते. पुढच्या चाकांची गाडी घसरायला लागली की थ्रॉटल देऊनच सरळ करता येते, नाक तिला ओढून बाहेर काढतं. थ्रॉटल सोडला की मागचं टोक हलकं होतं आणि गाडी आतल्या बाजूला वळते. हा हात एकदा बसला की दुसरी गाडी चालवावीशी वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रान तापून वर बोटभर फुफाटा होतो, तेव्हा हा फरक सगळ्यात जास्त दिसतो.

तयार गाडी बाजारात का मिळत नाही, असंही भाच्याने विचारलं. क्योशो या कंपनीने 1980 च्या दशकाच्या अखेरीस 'मॅक्सम एफएफ' नावाची अशी बग्गी काढली होती. टामिया या दुसऱ्या कंपनीने 1992 मध्ये एफएफ-01 आणली, पण ती रस्त्यावरच्या गाड्यांची चॅसिस (सांगाडा). मातीच्या शर्यतीत मागची दोन किंवा चारही चाकं ओढणाऱ्या गाड्याच टिकल्या, म्हणून ही घरीच करावी लागते.

पहिली वाट भाच्याच्या पिशवीतलीच, म्हणजे मागच्या चाकांच्या बग्गीचा गिअरबॉक्स पुढे नेणं. खर्च सगळ्यात कमी, कारण मोटार, डिफ (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), गिअर सगळं हाताशी असतं. पण गिअरबॉक्स पुढे 'सरकवायचा' की 'फिरवायचा', हे कागदावर चित्र काढून ठरवल्याशिवाय एकही स्क्रू सोडू नका.

जुन्या पद्धतीच्या बग्गीत मोटार मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकते. असा गिअरबॉक्स तसाच पुढे सरकवला तर मोटार पुढच्या ॲक्सलच्या मागे येते आणि फिरण्याची दिशाही बरोबर राहते. फक्त स्टिअरिंगच्या दांड्यांना जागा उरत नाही, कारण नेमक्या त्याच जागेत मोटार बसलेली असते. तोच गिअरबॉक्स अर्धा फेरा फिरवून बसवला तर मोटार ॲक्सलच्या पुढे जाते. स्टिअरिंगला ऐसपैस जागा होते, नाकावर वजन येतं, पकड वाढते. पण बांधाला धडकली की पहिला मार मोटारीला. मधे मोटार असलेल्या नव्या बग्गीत हे सगळं उलटं: फिरवला की मोटार आत, सरकवला की बाहेर.

फिरवलेल्या गिअरबॉक्समध्ये चाकं उलटी फिरतात. ब्रश असलेली साधी 540 मोटार असेल तर दोन वायरी अदलाबदल केल्या की काम झालं. सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटारीत तीनपैकी कुठल्याही दोन बदला. सेन्सरवाल्या मोटारीत मात्र वायरी बदलायच्या नाहीत. तिथे दिशा ईएससीच्या (मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या) सेटिंगमधूनच बदलावी लागते, आणि ती सोय प्रत्येक ईएससीत नसते. भाच्याकडे साधी सिल्व्हर कॅन, म्हणजे ब्रशवालीच मोटार होती, त्यामुळे त्याचं दोन मिनिटांत भागलं.

या वाटेवरचं खरं दुखणं पुढच्या चाकांच्या सांध्यात आहे. मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळे तिथे दोन टोकांना गोळे आणि आरपार पिन असलेला साधा डॉगबोन चालून जातो. पुढे तोच बसवा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हळूच थ्रॉटल द्या. माझी पहिली गाडी खळ्यावर अशी सोडली तर वळताना पुढचं चाक थरथरत होतं, टक-टक-टक आवाज येत होता. गाडी उचलून चाक हाताने फिरवलं तेव्हा उमगलं. सांधा तिरपा झाला की गिअरबॉक्सकडचं टोक एकसारखं फिरत असतानाही चाक दर फेऱ्यात दोनदा जरा पुढे धावतं आणि दोनदा मागे रेंगाळतं. कोन वाढेल तसा हा हिसका वाढतो. पूर्ण वळणावर तर पिन ज्या कपात बसते त्याच्या काठावर चढून बाहेर यायला बघते. चौथ्या रविवारी डॉगबोन निसटून मातीत पडला. तो शोधण्यात माझी दुपार गेली.

म्हणून पुढे युनिव्हर्सल किंवा सीव्हीडी शाफ्टच घ्या, ज्यात चाकाकडचा सांधा पिनेने पक्का जोडलेला असतो. जमलं तर डबल कार्डन (एकाला लागून एक असे दोन सांधे असलेला) घ्या, त्यात थरथर जवळजवळ उरत नाही. आणखी एक बघायचं: सांध्याचा मध्य चाक ज्या रेषेवर वळतं त्याच रेषेत आला पाहिजे. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी वळताना शाफ्ट आतबाहेर सरकतो आणि कधी आवळतो, कधी सुटतो. ही रेष जुळवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. बाकी गाडी दोन संध्याकाळींत उभी राहिली.

मागच्या बाजूला त्याच बग्गीचं पुढचं सस्पेन्शन बसतं. टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या दांड्याचं) आतलं टोक चॅसिसला पक्कं बांधा म्हणजे मागची चाकं वळणार नाहीत. पण त्या दांड्याची लांबी आणि तिरपेपणा सस्पेन्शनच्या आर्मशी जुळला नाही, तर सस्पेन्शन दबताना मागची चाकं आपोआप वळतात आणि सरळ रस्त्यावर गाडी डुलते. टायरही अदलाबदल होतात. मागच्या चाकांच्या बग्गीचे पुढचे टायर अरुंद आणि लांब धारांचे असतात, ते ओढायच्या कामाचे नाहीत. पिनांचे टायर पुढे, धारांचे मागे.

दुसरी वाट म्हणजे शाफ्टवाली फोरव्हील बग्गी घ्यायची आणि तिचं मागचं ड्राइव्ह काढून टाकायचं. टामियाची टीटी-02बी किंवा त्या धाटणीची कुठलीही चालेल. पुढच्या चाकाला वळणं आणि ओढणं दोन्ही कंपनीतूनच जमवलेलं असतं. सांध्याची रेष, आर्म, हब (चाक धरणारा भाग), काहीच जुळवावं लागत नाही. मागचा डिफ आणि मागच्या चाकांचे शाफ्ट काढले की एका तासात गाडी पुढच्या चाकांवर येते. नाही आवडली तर सगळं परत बसवता येतं.

पण ती पुढच्या चाकांची झाली, तरी तिचं वजन फोरव्हीलचंच राहतं. अशा चॅसिसमध्ये मोटार बहुधा मध्याच्या मागे असते. किराणा दुकानातले दोन सारखे वजनकाटे मागून आणले, एकावर पुढची चाकं आणि दुसऱ्यावर मागची ठेवली, तर पुढे निम्मंसुद्धा वजन नव्हतं. खळ्यावर सोडली तेव्हा पुढची चाकं नुसती माती उकरत होती. बॅटरी पुढे सरकवली, सर्व्होच्या (स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटारीच्या) बाजूला आणि बंपरवर शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या, तेव्हा कुठे ती सुधारली. पण चिकटवलेलं शिसं म्हणजे विनाकारण वाढवलेलं वजन, ते मला कधीच पटलं नाही. हीच गाडी मी शेजारच्या पोराला दिली. त्याने मागचं ड्राइव्ह परत बसवलं आणि तो खूश आहे.

रस्त्यावरच्या पुढच्या चाकांच्या चॅसिसवरून बग्गी करायची हीसुद्धा एक वाट आहे. टामियाची 2009 ची एम-05 तशी आहे. वजन जागच्या जागी, ड्राइव्ह तयार. पण तिचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) 210, 225 किंवा 239 मिलिमीटर, चाकं छोटी आणि सस्पेन्शनची उचल एवढीशी. कॉलनीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर छान पळते. नांगरलेल्या रानात पहिल्याच ढेकळावर पोट टेकते. त्यामुळे बग्गीसाठी मी ती धरत नाही.

शेवटची वाट, सगळं स्वतः घडवायची. खळ्यावर अजून फिरते ती गाडी याच वाटेची. हिच्यासाठी जळगावच्या एमआयडीसीतल्या एका टर्नर दादाकडे अडीच मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी कापून घेतली. भोकांच्या जागा मी घरी पुठ्ठ्यावर आखून नेल्या होत्या. गिअरबॉक्स मात्र मी घडवला नाही, मधे मोटार असलेल्या एका बग्गीचा आयता घेऊन फिरवून बसवला. पुढचे हब, सी-हब (हबला धरणारे सी आकाराचे भाग) आणि युनिव्हर्सल शाफ्ट फोरव्हीलचे सुटे मागवले. म्हणजे पहिल्या वाटेचा गिअरबॉक्स, दुसऱ्या वाटेचे सांधे आणि मधला सांगाडा आपला. गिअर आणि सांधे घरी करायच्या भानगडीत पडू नका. थ्रीडी प्रिंट केलेला गिअरबॉक्सही मी करून पाहिला. मे महिन्यात गाडी उन्हात उभी होती, पीएलएचं प्लास्टिक मऊ पडलं आणि मोटारीची बैठक वाकली. पीएलए साधारण 60 अंशांना ढिलं पडतं, आणि आपल्याकडे हवाच 45 अंशांची असताना मोटारीजवळ तेवढं तापमान सहज होतं. प्रिंट करायचंच असेल तर बॅटरी धरणारे भाग करा, मोटारीची बैठक धातूचीच ठेवा.

या गाडीचं वजन पुढे 1020 ग्रॅम आणि मागे 610 ग्रॅम आहे. पुढे साठ टक्क्यांच्या वर गेलं की गाडी ओढायला लागते, हा माझा अनुभव. उड्या मारताना नाक खाली जातं ही याची दुसरी बाजू. उडीच्या टोकावर थ्रॉटल सोडायचा नाही, थोडा धरून ठेवायचा, म्हणजे फिरत्या चाकांच्या प्रतिक्रियेने नाक वर राहतं.

जुळवणीचे माझे आकडे घ्या, मग आपल्या मातीप्रमाणे बदला. पुढच्या डिफमध्ये जाड सिलिकॉन तेल लागतं. पातळ असलं की वळणात आतलं चाक हलकं होऊन नुसतं फिरतं आणि सगळी ताकद तिथेच वाया जाते. मी 20,000 सीएसटीपासून (तेलाच्या जाडीचं माप) सुरुवात केली आणि तिथेच थांबलो. मागच्या चाकांच्या बग्गीत मागे तीनेक अंश टो-इन असतो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत झुकलेली असतात. इथे तेवढा दिला तर गाडी वळायलाच नकार देते, मी एका अंशावर आणला. मागचे स्प्रिंग पुढच्यापेक्षा कडक ठेवले. सर्व्होत काटकसर करू नका, ओढणाऱ्या चाकांना वळवायचं असतं, निदान 10 किलो ताकदीचा घ्या आणि गिअर धातूचे.

मातीचं काय, तर पावसाळ्यात काळ्या रानात कुठलीच वाट चालत नाही. दहा फुटांत टायरचे लाडू होतात. आमच्याकडे खरा मोसम कापूस वेचून झाल्यावरचा. तेव्हाही धूळ पिठासारखी बारीक असते, ती बेअरिंगमध्ये जाते. पुढच्या हबमध्ये रबर सीलवालेच बेअरिंग घाला आणि प्रत्येक चार-पाच फेऱ्यांनी चाक हाताने फिरवून ऐका. करकर आली तर बदला. लायपो बॅटरी गाडीसोबत उन्हात ठेवू नका. मी ती पाण्याच्या जारशेजारी सावलीत ठेवतो आणि लावायच्या वेळीच काढतो.

आता निवड. घरात जुनी मागच्या चाकांची बग्गी पडून असेल आणि संध्याकाळी हात चालवायला आवडत असेल तर पहिली वाट, पण डॉगबोनच्या जागी चांगले सांधे घेण्याचे पैसे आधीच बाजूला काढा. ते नसतील तर सुरुवात करू नका. पुढच्या चाकांची गाडी आवडते का, एवढंच बघायचं असेल तर दुसरी, आणि ती फोरव्हील म्हणूनही वापरायची तयारी ठेवा. ओळखीत टर्नर असेल आणि पुठ्ठ्यावर आखायचा कंटाळा नसेल तर शेवटची. माझं मन तिच्याकडेच आहे, कारण वजन कुठे टाकायचं हे तिथेच आपल्या हातात असतं.

भाच्याने पहिली घेतली. त्याचा गिअरबॉक्स फिरवून बसवला, मोटार ॲक्सलच्या पुढे आली, म्हणून पुढे पीव्हीसी पाइप उभा चिरून, गरम करून त्याचा वाकवलेला बंपर लावला. सीव्हीडी शाफ्ट अजून कुरिअरमध्ये आहेत. तोपर्यंत त्याला सांगितलंय की डॉगबोनवर चालव, पण स्टिअरिंग अर्ध्याच्या वर वळवू नकोस.