बारा इंची गोनिओमीटर, आठ महिने वापरल्यानंतर

आधी किंमत सांगते, कारण मलाही दुसऱ्यांच्या रिव्ह्यूत तीच आधी शोधायची सवय आहे. गोळे कॉलनीतल्या एका सर्जिकलच्या दुकानात पारदर्शक प्लास्टिकचा, बारा इंची, ३६० अंशांच्या चकतीचा गोनिओमीटर (सांधा किती अंश वाकतो ते मोजायचं उपकरण) पावणेदोनशे रुपयांना मिळाला. दुकानदाराने शेजारी स्टीलचाही काढून ठेवला, जवळपास चौपट भावाचा. "मॅडम, हा आयुष्यभर जाईल." नाही घेतला. नंतर मैत्रिणीने घेतला तेव्हा बरं वाटलं, त्याचं कारण पुढे येतंच.

मी नाशिकमध्येच बीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. (आमचं आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला, घरापासून वीस मिनिटांवर. तरी निकाल लागल्याचं कळतं ते सोलापूरच्या मैत्रिणीकडून.) मला दवाखान्यातल्यापेक्षा मैदानावरचं काम करायचंय. अमेरिकेत या कामाला ॲथलेटिक ट्रेनर म्हणतात. तिथे मान्यताप्राप्त कॉलेजातून मास्टर्स करून बीओसीची (तिथल्या प्रमाणपत्र मंडळाची) परीक्षा द्यावी लागते. जखम व्हायच्या क्षणापासून खेळाडू परत मैदानात उतरेपर्यंत सगळं त्या माणसाच्या अंगावर. आपल्याकडे त्या नावाची वाट रुळलेली नाही, म्हणून बीपीटी आणि मग स्पोर्ट्समध्ये एमपीटी (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) असा माझा बेत. घरी 'ट्रेनर' म्हटलं की सगळ्यांना जिमच आठवते. आता मी फक्त 'फिजिओ' म्हणते.

कागदावर हे उपकरण अगदी सोपं आहे. एक स्थिर दांडी, एक फिरती दांडी, मध्ये रिव्हेट. गुडघा मोजायचा तर रिव्हेट मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या एपिकॉन्डाइलवर (गुडघ्याजवळचा उंचवटा), स्थिर दांडी वर ग्रेटर ट्रोकँटरच्या (खुब्याच्या बाजूचा हाडाचा उंचवटा) दिशेने, फिरती दांडी खाली लॅटरल मॅलिओलसच्या (घोट्याचं बाहेरचं हाड) दिशेने. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) हे एका दमात म्हणता येतं. खऱ्या माणसाच्या मांडीवर तो ट्रोकँटर शोधायला घेतला की घाम फुटतो. पहिला महिना मी होस्टेलच्या मुलींवर, आईवर आणि पप्पांवर हात साफ केला. आईचा लगेच सापडला. पप्पांचा वीस वर्षांच्या मिसळीखाली गाडला गेलाय. शेवटी एका सीनिअर ताईने युक्ती सांगितली: अंदाजाने बोटं ठेव आणि त्यांना पाय आत-बाहेर फिरवायला सांग, बोटाखाली जे सरकेल ते ट्रोकँटर. एवढी एक ओळ नोट्समध्ये असती तर माझे पंधरा दिवस वाचले असते.

चकतीवर आकड्यांच्या दोन रांगा उलटसुलट छापलेल्या असतात. घाईत भलतीच रांग वाचली तर ४० चे १४० होतात. १४० अंश वाकलेला कोपर आणि ४० अंश वाकलेला कोपर यातला फरक आंधळ्यालाही दिसावा, तरी मी एकदा तसं लिहून आलेय. तेव्हापासून आधी डोळ्यांनी अंदाज बांधायचा, मग दांडी लावायची.

आता हॉस्पिटल पोस्टिंगबद्दल, कारण गोनिओची खरी परीक्षा तिथे झाली. गुडघ्याचा सांधा बदललेल्या एक आजी होत्या, ओझरच्या. मी वॉर्डात शिरले की त्या पहिलं विचारायच्या, "बाळा, आज किती पडले?" जणू पेपर तपासून आलेय. पहिल्या दिवशी ६८, मग ७४. एके दिवशी मी उत्साहाने सांगितलं, "आजी, शहाऐंशी!" त्यांनी शेजारच्या खाटेवरही जाहीर करून टाकलं. दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्यामागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू उभी राहून वाचतेयस. खाली बस, चकती डोळ्यांच्या रेषेत घे." स्टूल ओढून बसले. आकडा आला ७९. आजी दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "काल होते, आज कुठे गेले?" या प्रश्नाला पॅरॅलॅक्स (तिरकं बघितल्याने आकडा चुकणं) हे उत्तर देता येत नाही.

त्यानंतर दोन गोष्टी अंगवळणी पडल्या. एक, तीनदा मोजायचं, बसूनच मोजायचं, आणि शक्यतो रोज एकाच माणसाने मोजायचं. दुसरं म्हणजे चार-पाच अंशांच्या फरकाला सुधारणा म्हणायचं नाही, तो हाताचा फरक असू शकतो. आजींना आकड्याऐवजी काम सांगायला लागले. चालायला गुडघा साधारण ६०–६५ अंश वाकावा लागतो, जिन्याला ऐंशी-नव्वदच्या घरात, खुर्चीतून उठायला त्याहून थोडा जास्त. "आजी, आता जिना आला." हे त्यांना जास्त पटलं. डिस्चार्जच्या दिवशी मात्र आकडाच विचारला.

मैदानावरचा अनुभव वेगळा. गोल्फ क्लब मैदानावर सरावाला येणारा एक वेगवान गोलंदाज, खांदा पुढून दुखतो म्हणून सरांकडे आला. त्याला पाठीवर झोपवून, दंड ९० अंशांत बाजूला घेऊन मी आतल्या बाजूचं रोटेशन (हात किती आत फिरतो ते) मोजलं: ७०. सगळं छान, असं मनात म्हटलं. सरांनी तळहाताने त्याचा खांदा पुढून दाबून धरला आणि म्हणाले, "आता मोज." ५२. खांद्याचं पातं उचलून तो मला अठरा अंश फुकट देत होता आणि मी ते खुशाल वहीत लिहीत होते. गोनिओ दोन्ही वेळा बरोबर होता. चेंडू फेकणाऱ्यांच्या हाताचं आतलं रोटेशन कमी आणि बाहेरचं जास्त असणं नवं नाही, म्हणून दोन्हींची बेरीज करून दुसऱ्या हाताशी ताडून बघायची, हे पुस्तकात मी वाचलं होतं. पातं धरायचं असतं हेही वाचलं असणार. हाताला ते माहीत नव्हतं.

घोट्यासाठी मात्र हा घेऊ नका, म्हणजे त्याच्या भरवशावर राहू नका. कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणलं, तेव्हापासून नाशिकच्या ट्रॅकवर आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या पोरींकडे लोक कौतुकाने बघतात. त्यांचे घोटे कोणी बघत नाही. सुरगाण्याची एक धावपटू मुरगळलेला पाय बाम चोळून सहा आठवडे ओढत होती. खाटेवर झोपवून घोटा मोजला तर दोन्ही पाय जवळपास सारखेच. मग भिंतीसमोर उभं करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला लावला. अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर साध्या टेपने मोजलं: चांगला पाय ११ सेंमी, दुखरा ७. इथला एक सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेतीन अंश. शिंप्याच्या दहा रुपयांच्या टेपने माझ्या पावणेदोनशेच्या गोनिओला गप्प बसवलं.

टिकाऊपणा: ठीकठाक. सहाव्या महिन्यात रिव्हेट सैल झाला, दांडी आपोआप खाली घसरायला लागली. दोन चकत्यांमध्ये चिकटपट्टीची बारीक गोल चकती सारली, अजून चालू आहे. सॅनिटायझरने पुसून पुसून दांडीवरचे इंचाचे आकडे उडाले, अंशांचे शाबूत आहेत. मार्चअखेर एकदा दुपारभर स्कूटीच्या डिकीत राहिला आणि दांडीला किंचित बाक आला. उन्हात पारदर्शक प्लास्टिक चमकतं, आकडा दिसत नाही, सावलीत वळावं लागतं. पण स्टीलवाल्या मैत्रिणीचं ऐका: जानेवारीतली नाशिकची सकाळ, उघडा गुडघा आणि थंडगार पोलाद. पेशंट असा दचकतो की मोजायचा स्नायू आधीच आखडून बसतो. मनगटाला बारा इंची अवजड पडतो, तिथे सहा इंचीच हवा. तो मी अजून उसना मागते.

एक प्रसंग सांगायचा नव्हता, पण तो टाळला तर हा अनुभव खोटा ठरेल. डिसेंबरमध्ये कबड्डीच्या स्थानिक सामन्यांना आम्ही चौघी सीनिअर दादाबरोबर मदतीला होतो. एका चढाईपटूचा पाय मॅटवर अडकला, गुडघा आत वळला, आणि काहीतरी तुटल्यासारखा आवाज त्याने स्वतः ऐकल्याचं तो सांगत होता. मी धावत गेले, गुडघ्याजवळ बसले आणि बॅगेतून काय काढलं? गोनिओमीटर. किती वाकतोय ते बघावं म्हणून. दादाने तो माझ्या हातातून काढून घेतला, बोलला काहीच नाही. हाडं, रक्तप्रवाह, संवेदना पटापट तपासल्या, मग गुडघा २०–३० अंशांत धरून लॅचमन टेस्ट (नडगी पुढे ओढून लिगामेंट तपासायची) केली. नडगी पुढे सरकली ती मलाही दिसली. नंतर चहाच्या टपरीवर समजावलं: लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा) तुटल्यावर काही तासांत सांध्यात रक्त भरतं, मांडीचे स्नायू घट्ट होतात, मग तीच टेस्ट धड लागत नाही. मैदानावरच्या माणसाला डॉक्टरपेक्षा जास्त मिळतात ती हीच पहिली काही मिनिटं. आणि मी त्यातलं एक मिनिट कोन मोजायला घालवणार होते. आठवडाभर मी तो गोनिओ बॅगेतून काढला नाही. पुढे त्या मुलाचा एमआरआय झाला, गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, एसीएलच तुटलं होतं.

तर घ्यावा का? पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर स्वतःचा घ्याच. कॉलेजचे आमच्या बॅचला चार होते आणि मागणारे हात वीस. प्लास्टिकचाच घ्या, बारा इंची, आणि घेताना चकतीवरची दोन्ही टोकं मोबाइलच्या उजेडात जुळवून बघा, माझ्या आधी दाखवलेल्या नगात शून्यच अर्धा अंश सरकलेलं होतं. पाचपैकी चार देते. एक कापलाय तो रिव्हेटसाठी.

माझी बॅग आता वेगळी भरते. बाहेरच्या कप्प्यात सीपीआरचा मास्क, हातमोजे, कात्री. मधल्या कप्प्यात टेप आणि क्रेप बँडेज. गोनिओ सगळ्यात खाली, टॉवेलमध्ये गुंडाळून.