पायथनचं 'जीआरपी' मॉड्यूल: काम चोख, एक खोट

एका कॉलेजच्या लिनक्स लॅबसाठी हे मॉड्यूल, म्हणजे वापरकर्त्यांच्या ग्रुपांची माहिती काढून देणारा पायथनचा तयार कोड, चार वर्षं वापरतोय. शोधायची फंक्शनं मोजून तीन. नावावरून ग्रुप हवा तर गेटजीआरनॅम, नंबरावरून हवा तर गेटजीआरजीआयडी, आणि अख्खी यादी हवी तर गेटजीआरऑल. ग्रुप नसला की सरळ कीएरर, म्हणजे पायथनची 'सापडलं नाही' अशी एरर. सी भाषेत नल, म्हणजे रिकामं उत्तर, तपासत बसा, वरून पुढच्या कॉलला आधीचं उत्तर पुसलं जाऊ शकतं. इथं ती झंझट नाही.

मला घाम फोडला तो सदस्यांच्या यादीनं. मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपची 'जीआर मेम' यादी रिकामी! साठ पोरांची खाती अन् सदस्य शून्य. बाप्पा! सीताबर्डीवर तर्री पोहे खाऊन आलो तेव्हा कुठं उजेड पडला. आमच्याकडे ही यादी ग्रुप फाइलमधून येते. ज्यांचा तो प्राथमिक, म्हणजे खात्याला मुळातच जोडलेला ग्रुप, त्यांची नोंद पासवर्ड फाइलमध्ये. ती माणसं इथं दिसलीच पाहिजेत असं नाही. कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे म्हणा, वाचतो कोण?

आता 'अमुक पोरगा कोणकोणत्या ग्रुपांत?' असं विचारायचं तर ओएस मॉड्यूलमधलं गेटग्रुपलिस्ट वापरतो. पायथन 3.3 पासून आहे. खात्याचं नाव आणि प्राथमिक ग्रुपचा नंबर द्या, सगळे नंबर हातात.

विंडोजवर 'जीआरपी' चालत नाही. पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या दुपारचा.