गोव्यात विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायची तर: मालक आणून देतो ती, अ‍ॅपवरची, की मुक्कामी मागवलेली?

तिकीट काढताना आपलं लक्ष दरावर असतं. विमान नेमकं कुठे उतरतंय हे कुणी नीट वाचत नाही, आणि पहिला घोळ तिथेच होतो. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत. वास्कोजवळचा दाबोळी जुना, नौदलाच्या आयएनएस हंसा तळावरचा. पेडणे तालुक्यातला मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तिकिटावर दाबोळीचा संकेत जीओआय असतो, मोप्याचा जीओएक्स. दोन्हींत रस्त्याने साठेक किलोमीटरचं अंतर आहे. गाडीवाल्याला नुसतं "अडीचला गोवा एअरपोर्ट" एवढंच कळवलं, तर तो दाबोळीला उभा आणि तुम्ही मोप्याच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, असं होऊ शकतं. म्हणून विमानतळाचं नाव आणि विमानाचा क्रमांक, दोन्ही लिहून कळवायचं.

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. विमानतळावर प्रीपेड टॅक्सी आणि गोवा माइल्स या अ‍ॅपच्या टॅक्सी आहेत, पण चार दिवस रोज टॅक्सी करायची म्हणजे खर्च बराच वाढतो. त्यामुळे चौघांचं कुटुंब असेल तर स्वतः चालवायची गाडी घेणं मला पटतं. ती हातात कशी घ्यायची, याचे तीन मार्ग आहेत आणि तिन्ही मी वापरून पाहिलेत. दिवसाच्या भाड्यात एकोणीस-वीसचाच फरक असतो. खरा फरक पडतो तो गाडी घेताना समोर कोण उभं आहे आणि परत देताना तोच माणूस असणार आहे का, यात.

मालक किंवा त्याचा माणूस विमानतळावर गाडी आणून देतो

हा गोव्यातला सगळ्यात रुळलेला मार्ग. फोनवर ठरवायचं, थोडे पैसे आगाऊ पाठवायचे, बाहेर आलात की माणूस गाडी घेऊन हजर. विमान उशिरा आलं तर तो थांबतो, कारण त्याच्याशी तुमचं बोलणं झालेलं असतं. म्हातारी माणसं, लहान मूल, चार बॅगा असल्या की याला तोड नाही.

अडचण जागेची. आगमनाच्या दारासमोरच्या मार्गिकेत गाड्यांना रेंगाळू देत नाहीत. मागचा हॉर्न वाजवतो, सुरक्षारक्षक पुढे व्हा म्हणतो, आणि त्या घाईत "सगळं ठीक आहे, निघा तुम्ही" म्हणत किल्ली हातात पडते. माझं नुकसान अशाच एका रात्री झालं. अकरा वाजून गेलेले, आई गुडघे धरून ट्रॉलीला टेकून उभी, म्हणून मी गाडीभोवती एक फेरीसुद्धा मारली नाही. परत देताना पुढच्या बंपरच्या खालच्या कडेचा ओरखडा माझ्या नावावर आला आणि डिपॉझिटमधून तीन हजार कापले गेले. तो आधीचा होता की माझ्या हातून झाला, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हापासून मी आधीच सांगून ठेवते: गाडी मार्गिकेत नको, पार्किंगमध्ये लावा, आम्ही तिकडे येतो. पार्किंगचे पैसे कोण देणार तेही आधीच ठरवायचं. रक्कम लहान असते, पण वाद तिच्यावरूनच सुरू होतो.

विमानतळावर गाडी पोचवण्याचे आणि परत नेण्याचे वेगळे पैसे बरेच जण लावतात. रात्रीचा दर आणखी वेगळा असू शकतो. भाडं विचारतानाच हे दोन आकडे विचारून घ्या, नाहीतर तुलना चुकते.

अ‍ॅपवरून घेतलेली

इथे बोलाचाली कमी. गाडी ठरलेल्या जागी उभी असते, फोनवरून कुलूप उघडतं किंवा एखादा कर्मचारी किल्ली देतो, फोटो अ‍ॅपमध्येच चढवायचे असतात. पावती, किलोमीटरची मर्यादा, जादा तासाचा दर सगळं लिहिलेलं असतं, हा मोठा फायदा. फोटो काढल्याशिवाय पुढेच जाता येत नाही, त्यामुळे माझ्यासारख्या घाईत असलेल्या माणसालाही शिस्त लागते.

पण "विमानतळाजवळ" हा शब्द नकाशावर तपासून घ्या. दाबोळीला चिखली, वास्को, बोगमाळो अशी वस्ती लागूनच आहे, त्यामुळे "जवळ" म्हणजे खरंच जवळ असू शकतं. मोप्याला तसं नाही. विमानतळ सड्यावर आहे, महामार्गापासून आत. गाडी धारगळला किंवा पेडण्यात उभी असेल, तर तिथवर जायला टॅक्सीच करावी लागते आणि मग वाचलेले पैसे तिथेच जातात. शिवाय काही बिघडलं, गाडी सुरू होईना, टाकी सांगितल्याहून रिकामी निघाली, की मदत केंद्राला फोन लावत बसायचं. एकट्यादुकट्या, सामान कमी असलेल्या आणि फोनवर सराईत असलेल्या माणसाला हा मार्ग सोपा आहे. आईवडिलांना घेऊन जाताना मी तो निवडणार नाही.

टॅक्सीने मुक्कामी जायचं, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी मागवायची

याचा विचार फार थोडे जण करतात, आणि रात्री नऊनंतर उतरणाऱ्यांसाठी मला हाच सर्वांत बरा वाटतो. एकदा टॅक्सीचे पैसे जातात, पण एका दिवसाचं गाडीचं भाडं वाचतं, कारण रात्रभर ती हॉटेलबाहेर नुसतीच उभी राहणार असते. अंधारात, दमलेल्या डोळ्यांनी, अनोळखी रस्त्यावर अनोळखी गाडी चालवावी लागत नाही. सकाळी उजेडात चहा झाल्यावर गाडी येते, अंगण मोकळं असतं, वीस मिनिटं हाताशी असतात. देणाराही घाईत नसतो.

गोव्यातल्या आतल्या गल्ल्या अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना चिरेबंदी गडगे. पहिलाच तास अंधारात तिथे चालवण्यापेक्षा सकाळी हात बसवलेला चांगला. गाडी परत मात्र विमानतळावरच द्यावी, असं मला वाटतं. तेवढं मालकाशी आधी ठरवलं की जमतं.

तिन्हींत आधी पाहायची ती पाटी

भाड्याने स्वतः चालवायला देण्याची परवानगी असलेल्या गाडीची पाटी, म्हणजे नंबरप्लेट, काळी असते, अक्षरं पिवळी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे चालकासह टॅक्सी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, आणि ती भाड्याने देता येत नाही. गाड्या भाड्याने देण्यासाठीची केंद्राची रेंट-अ-कॅब योजना १९८९ ची आहे आणि परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट तिच्यात आहे. म्हणून छोट्या गाडीवाल्याला विचारा की गाडी कुणाच्या परवान्याखाली चालते. पांढऱ्या पाटीची गाडी दोन-तीनशेने स्वस्त पडते, "मित्राची आहे म्हणा" असं शिकवलंही जातं. ऐकू नका. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरचा जखमी असेल तर पुढची किती वर्षं त्यात जातील, कुणी सांगावं.

मोप्याला उतरून सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणकडे जाणारे आपले बरेच लोक आहेत. पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदा, म्हणजे महाराष्ट्र. गोव्याच्या गाडीला राज्याबाहेर न्यायची परवानगी आहे का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारून घ्या. काही मालक स्वतःच्या अटीतच सीमा ओलांडायला मनाई करतात. परदेशातून कुणी नातेवाईक येऊन गाडी चालवणार असेल, तर त्यांच्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो त्यांनी निघण्याआधी तिकडूनच काढून आणायचा.

ताबा घेताना

इथे मात्र मी कसलीही घाई करत नाही. फोनवर एकच सलग व्हिडिओ काढायचा. सुरुवात नंबरप्लेटपासून, मग डावीकडून गाडीभोवती एक पूर्ण फेरी. बंपरच्या खालच्या कडा वाकून दाखवायच्या, चारही चाकांच्या रिम, टायरच्या बाजू, आरशांच्या पाठी, पुढची काच. काचेवरचा छोटा खड्डा रात्री दिसत नाही, दिवसा मात्र लगेच लक्षात येतो. मग आत बसून गाडी सुरू करायची आणि डॅशबोर्ड दाखवायचा: किलोमीटर, टाकीचा काटा, पेटलेले दिवे. डिकीत स्टेपनी, जॅक, पाना आहे का. जून ते सप्टेंबरमध्ये जात असाल तर वायपर चालवून पाहा आणि एसीची हवा काचेवर सोडून पाहा. कोकणातल्या पावसात काच आतून धुरकटते आणि या दोन गोष्टींवाचून पुढचं काहीच दिसत नाही.

व्हिडिओ स्वतःच्या फोनमध्ये ठेवून भागत नाही. तिथेच उभं राहून तो गाडीवाल्याला पाठवायचा, त्याच्यासमोर. दोघांच्याही फोनवर एकच वेळ नोंदली जाते आणि मग ओरखडा कधीचा यावर वाद उरत नाही. चांगला गाडीवाला यावर रागावत नाही, उलट जुने ओरखडे स्वतःच बोट ठेवून दाखवतो. मी आता अशाच माणसाकडे पुन्हा पुन्हा जाते.

आरसी, विमा, पीयूसी आणि परमिट यांच्या तारखा पाहायच्या. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात, पण ते मालकाच्या फोनमध्ये असतील तर तपासणीच्या वेळी तुमच्या उपयोगाचे नाहीत. प्रती मागून घ्या. डिपॉझिट रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि शेऱ्यात "परत मिळणारं डिपॉझिट", गाडीचा नंबर आणि तारीख लिहा. फास्टॅगमध्ये पैसे कुणी भरायचे तेही विचारा.

परतीचा दिवस

गाडी घेताना जेवढा वेळ ठेवता, त्याहून जास्त परत देताना ठेवायला हवा, कारण तेव्हा मागे विमान असतं. समोरच्यालाही ते माहीत असतं. विमान सुटायला तास उरलेला असताना कुणी दोन हजारांसाठी भांडत बसत नाही, आणि डिपॉझिटमधून नको ती कपात तिथेच होते. मी चेक-इनच्या वेळेआधी अर्धा तास वेगळा धरते.

काणकोण-पाळोळ्याला राहून मोप्याहून उडायचं असेल, तर अख्खा गोवा उभा ओलांडायचा आहे. किमान तीन तास धरा. पणजी किंवा कळंगुटहून मोपा तासाभराचा, शनिवार-रविवारी थोडा जास्त. दाबोळीला जाताना आगशी-कुठ्ठाळी दरम्यानचा नवा जुवारी पूल झाल्यापासून पूर्वीची ती कोंडी उरलेली नाही, तरी संध्याकाळी वाढीव वेळ ठेवावाच. मोप्यासाठी पेट्रोल महामार्ग सोडण्याआधी भरा, आणि पहाटेचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच. रात्री सगळे पंप उघडे असतीलच असं नाही. भरल्याची पावती आणि काट्याचा फोटो जवळ राहू द्या.

पहाटे चार-पाचला गाडी घ्यायला माणूस यायलाच हवा, "पार्किंगमध्ये लावा, किल्ली आत ठेवा" ही अट मान्य करू नका. दुसरा इलाज नसेल तर डिपॉझिट आदल्या रात्री हॉटेलवर गाडी दाखवून परत घ्या आणि विमानतळावर टॅक्सीने जा.

निघण्याच्या दोन दिवस आधी मी गाडीवाल्याला एक निरोप पाठवते, तो जसाच्या तसा देते: "दादा, मोपा विमानतळ, विमान क्रमांक अमुक, उतरण्याची वेळ अमुक. गाडी पार्किंगमध्ये लावाल ना? पाटी काळी आहे ना? पोचवण्याचे-नेण्याचे पैसे, डिपॉझिट, रोजची किलोमीटर मर्यादा आणि सावंतवाडीला न्यायची परवानगी, एवढं कृपया लिहून कळवा. परतीला गाडी घ्यायला कोण येईल, त्यांचा नंबरही द्या." "या तुम्ही, बघू" एवढंच उत्तर आलं तर दुसरी गाडी शोधायला अजून दोन दिवस हातात असतात.