घरी अंगठ्या घडवायचा संच : दिवाळीपासून मेपर्यंत वापरल्यावर

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा तीन-चार नावांनी ऑनलाइन विकला जातो. आत काय येतं? ब्यूटेनवर चालणारा हातातला टॉर्च, झाळकामाची (तापवून धातू सांधण्याची) वीट, अंगठी गोल करायचा निमुळता पोलादी दांडा, बारीक करवत, कानशी, चिमटे आणि टाकणखाराची (बोरॅक्सची) पुडी. मला दागिन्यांचा धंदा करायचा नाही. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला हाताला काहीतरी काम हवं होतं, एवढंच.

दांडा आणि कानशी यांत पैसे वसूल झाले. दांडा गुळगुळीत आहे, मापाच्या खुणा खऱ्या निघाल्या. सराफाकडच्या मापाशी ताडून पाहिल्या. करवत मात्र भंगार. चौकट पातं ताणून धरत नाही, आणि सैल पातं वळणावर तुटणारच. नागपुरातल्या इतवारीत सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानातून साधी चौकट आणली, तेव्हापासून पाती टिकू लागली.

टॉर्चबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण लोक संच घेतात तो त्याच्यासाठीच. दीड-दोन मिलिमीटर तारेची अंगठी तो आरामात झाळतो. रुंद पट्टी आली की त्याचा दम निघतो. सगळ्या धातूंत चांदी उष्णता सर्वांत वेगाने वाहून नेते, त्यामुळे नुसत्या जोडावर ज्योत धरून काही होत नाही. अख्खी अंगठी एकसारखी तापवावी लागते. सहा मिलिमीटरच्या पट्टीला एवढी आग हा टॉर्च देऊच शकत नाही. जाड काम करायचं असेल तर हा संच घेऊ नका.

त्यात आपलं नागपूरचं हवामान. ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपास उकळतं, म्हणून जानेवारीत पहाटे पारा आठ-दहावर असतो तेव्हा डब्यात दाबच उरत नाही आणि ज्योत मरगळते. मेमध्ये उलटं दुखणं. कूलर लावला की ज्योत हलते, बंद केला की आपण शिजतो. सध्या मी उजाडायच्या आत काम उरकतो. गॅसच्या डब्यावर पन्नास अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं. आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीची डिक्की तेवढी तापते, तेव्हा रिफिल आणताना वाटेत चहाला थांबू नका.

झाळकाम पहिल्यांदा नीट जमतं तेव्हाची मजा मात्र वेगळीच. टाकणखार आधी फसफसून फुगतो, मग खाली बसून काचेसारखा चकाकतो. जोडावर ठेवलेला झाळणाचा, म्हणजे सांधणाऱ्या मिश्रधातूचा, कण काही वेळ ढिम्म असतो. अंगठीवर मंद लाली आली की तो एकदम वितळतो आणि जोडातून एक पांढरी रेघ सर्रकन धावते. तिथे ज्योत काढायची. ९२.५ टक्के चांदी साधारण नऊशे अंशांच्या आत वितळते, त्यामुळे फार वेळ हाती नसतो.

इतवारीच्या सराफा ओळीतल्या एका कारागीर काकांना माझी अंगठी दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, ‘भाऊ, जोडातून उजेड दिसून राहिला ना! झाळण फट नाही भरत. पहिले कानस मारा.’ माहितीपत्रकाच्या आठ पानांत हे कुठेच नाही. लांबीचं गणितही नाही. ते असं : आतला व्यास अधिक धातूची जाडी, गुणिले ३.१४. आतून १७ मिलिमीटर आणि तार दीडची असेल तर साधारण ५८ मिलिमीटर तुकडा लागतो. जाडी मिळवली नाही तर अंगठी बोटात जात नाही.

सरावाला चांदी जाळू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली चौदा किंवा सोळा गेजची उघडी तांब्याची तार चालते. ठोकून कडक झाली की लाल तापवून पाण्यात बुडवा, पुन्हा मऊ होते. झाळण घेताना कॅडमियम नसलेलंच मागा, कॅडमियमचा धूर फुप्फुसांना घातक असतो. खिडकी उघडी ठेवा. काळवंडलेला माल सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात साफ होतो, पण त्यात लोखंडी चिमटा घालू नका. चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो.

आता खरी गंमत. संचाबरोबर नक्षीचे नमुने येतात : पानं, फुलं, बदाम. दोन-तीन केले आणि कंटाळा आला. मग स्वतःलाच अट घातली : एकच तार, खडा नाही, झाळण नाही. डोकं चालायला लागलं ते तेव्हा. आपलं पारंपरिक वेढणं नेमकं असंच तर असतं, नुसते वळसे. जोड नाही, आणि बोट जाड झालं तरी सैल करता येतं. जोडव्यांतही तोच हिशोब. मी तारेचं एक टोक चपटं ठोकून दुसऱ्या टोकाला त्यावरून ओलांडायला लावलं. टोकं बोटाला किंवा कपड्याला अडकू नयेत म्हणून कुठे दाबायची, याच विचारात अनेक संध्याकाळ गेल्या. साधी, एकसारख्या रुंदीची अंगठी सर्वांत अवघड, हेही इथेच कळलं. नक्षीत चूक लपते, साध्या कडेला कानशीचा एक वाकडा हातही दिसतो. आमच्या आत्याला चपट्या टोकाचीच अंगठी आवडली. ‘ही विकतची वाटत नाही’ म्हणाली. कौतुक की टोमणा, विचारलं नाही.

पाचपैकी साडेतीन. एक गुण माहितीपत्रकाचा कापला, अर्धा करवतीचा. टॉर्चचा नाही कापला. तारेच्या कामाला तो पुरतो आणि मला सध्या तारच वळवायची आहे.