नर्सरी, शिशुवर्ग, अंगणवाडी की मॉन्टेसरी: मुंबईत अडीच वर्षांच्या मुलाला घालायचं कुठे?

आमच्या भांडुपच्या सोसायटीत दिवाळीचे कंदील उतरले की लिफ्टमधला विषय बदलतो. "फॉर्म भरला का?" ज्याचं मूल अजून नीट 'पाणी' म्हणत नाही, त्यालाही हा प्रश्न चुकत नाही. माझी दोन मुलं दोन वेगळ्या वाटांनी पहिलीत पोचली. मुलगी झगमगीत प्लेग्रुप-नर्सरीतून, मुलगा मराठी शाळेच्या शिशुवर्गातून. नणंदेचा मुलगा मॉन्टेसरीत होता आणि आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची नात अंगणवाडीत जाते. चारही ठिकाणी मी कधी ना कधी मूल सोडायला किंवा आणायला गेले आहे. त्या उंबऱ्यावरून जे दिसलं ते सांगते.

फॉर्मच्या आधी वय मोजा. महाराष्ट्रात प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरी, ६ पूर्ण होत असतील तर पहिली. म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये जन्मलेलं मूल जून २०२६ ला नर्सरीत बसू शकतं, तेव्हा ते जेमतेम अडीच वर्षांचं असतं. त्याच वर्गात जानेवारी २०२३ चं मूलही असतं, जवळजवळ साडेतीनचं. मोठ्यांत दहा महिने म्हणजे काहीच नाही, पण इथे एक जण लंगोटातून नुकता सुटलेला आणि दुसरा जिन्यावरून उड्या मारणारा. माझा मुलगा डिसेंबरचा. आम्ही त्याला एक वर्ष उशिरा घातलं. "वर्ष फुकट घालवलंत" हे वाक्य मी तेव्हा निदान वीस जणांकडून ऐकलं. तो आता तिसरीत आहे आणि वर्षाचं नावही कुणी काढत नाही. सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या मुलांच्या आईबापांनी शाळा निवडण्याआधी हे ठरवावं.

आता तयारी म्हणजे काय? मुलाच्या पहिलीच्या बाईंना मी विचारलं होतं, त्याला काय काय येत असलं पाहिजे? त्यांनी अक्षरांचं नावसुद्धा घेतलं नाही. डबा स्वतः उघडून खावा. शू लागली की सांगावं. गोष्ट संपेपर्यंत बसावं. "दप्तर ठेव आणि पाणी पिऊन ये" अशी जोडसूचना लक्षात राहावी. दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत रडू नये. लिहिण्याचं मी विचारलं तर म्हणाल्या, शेंगा सोलायला द्या, कणीक मळायला द्या. यात फार मोठं शास्त्र दडलंय असं मला वाटलं नव्हतं, पण आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत त्यातली दोन-तीनच दिसतात, बाकीची अजून कूर्चाच असतात. त्या हाताला चाररेघी वहीत 'ए बी सी' गिरवायला लावायचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि तो खेळातून शिकण्याचा आहे. कागदावर सगळे हे मान्य करतात.

मुलीची नर्सरी स्टेशनपासून चार मिनिटांवर. एसी, भिंतीवर जिराफ, बुटक्या खुर्च्या. वर्षाचे सत्तर हजारांच्या आसपास, वर 'किट' आणि गॅदरिंगचा ड्रेस वेगळा. घ्यायला एकच कारण होतं आणि ते आजही खरं वाटतं: त्याच इमारतीत संध्याकाळी सातपर्यंत डेकेअर होतं. नवरा अंधेरीला, मी फोर्टला. घरी आजी नाही. सकाळी नऊला भरून बाराला सुटणारी शाळा आम्हाला चालणारच नव्हती. ज्यांच्या घरी दुपारी बाराला दार उघडायला कुणी नाही त्यांनी या ब्रँडेड नर्सऱ्यांना नाकं मुरडण्याआधी उरलेल्या तासांचा हिशेब मांडावा. मी तो मांडला होता.

बिनसलं ते भाषेवरून. ऑगस्टपर्यंत मुलगी तिथे तोंडच उघडत नव्हती. घरी मात्र अखंड टकळी. मग रोज ओली चड्डी पिशवीतून घरी येऊ लागली. डॉक्टर झाले, दृष्टही काढून झाली. शेवटी एका मदतनीस ताईंनी हळूच सांगितलं, टॉयलेटला जायचं तर इंग्रजीतच विचारायचं असा वर्गाचा नियम आहे. ते लांबलचक वाक्य तिला येत नव्हतं, म्हणून ती विचारतच नव्हती. मी भांडले, नियम सैल झाला. पण वर्षभरात टीचर तीनदा बदलल्या आणि प्रत्येक नवीन मॅमसाठी मला ते पुन्हा सांगावं लागलं. टीचर का टिकत नाहीत, हे फी भरायच्या आधी विचारायला हवं होतं. जिराफ बघून विसरले.

मुलाच्या वेळी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या, म्हणून शिशुवर्ग शक्य झाला. छोटा शिशू, मोठा शिशू. इमारत जुनी, पंखे आवाज करणारे, बाथरूम बरं म्हणण्याइतपत. बाई मात्र एकोणीस वर्षं तोच वर्ग घेणाऱ्या. पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोराला त्यांनी खडूचा डबा धरायला दिला. "हा सांभाळ हं, मला फळ्यावर लागेल." तो डबा सांभाळण्याच्या नादात रडणं विसरला. बडबडगीतं, पानं-बिया गोळा करणं, दुपारच्या डब्यात एकमेकांची भाजी चाखणं. मुलगा शाळेतून येऊन बोलायचा, मुलगी गप्प असायची. दोघांचे स्वभाव वेगळे आहेत हे मान्य, पण एकाला घरची भाषा शाळेत सापडली आणि दुसरीला नाही, हा फरकही खराच.

शिशुवर्गाचंही सगळं गोड नाही. अनुदानित मराठी शाळेत पहिलीला फी नसते, पण पूर्वप्राथमिकला अनुदान नाही. बाईंचे पगार पालकांच्या फीतून निघतात आणि ते तुटपुंजे असतात. एका वर्गात चाळीस मुलं हेही काही ठिकाणी दिसेल. उलट उपनगरातल्या बऱ्याच मराठी शाळांत पट घसरल्यामुळे बाराच मुलं असू शकतात. त्या वर्षापुरतं हे मुलाच्या पथ्यावर पडतं, पण ही शाळा आणखी दहा वर्षं टिकेल का, हे मुख्याध्यापकांना तोंडावर विचारा. पार्ल्याचं टिळक विद्यालय १९२१ चं, दादरचं बालमोहन १९४० चं, अशा नावाजलेल्या शाळांबद्दल तो प्रश्न पडत नाही. तिथे प्रश्न अंतराचा.

खरं तर नर्सरीचा निर्णय म्हणून आपण जो घेतो तो माध्यमाचा निर्णय असतो. इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या शाळांत दार नर्सरीला किंवा ज्युनिअर केजीला उघडतं. पहिलीला जाल तर जागा शिल्लक असेलच असं नाही. त्यामुळे तिथेच घालायचं पक्कं असेल तर अडीच वर्षांच्या मुलासाठी धावपळ करावी लागते, ती हौस म्हणून नव्हे तर रांग म्हणून. मराठी किंवा सेमी-इंग्रजीत घालणार असाल तर ही घाई नाही. दोन वर्षं गल्लीतल्या साध्या बालवाडीत काढा, पहिलीला हव्या त्या शाळेत जा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागांवर डोळा असेल तर हव्या त्या शाळेत ती सोडत पूर्वप्राथमिकला आहे की पहिलीला, ते शाळेगणिक वेगळं असतं. आधी तेवढं बघून ठेवा.

अंगणवाडीचं नाव काढलं की आमच्या लिफ्टमध्ये शांतता पसरते. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिचं हे केंद्र. फी शून्य. ३ ते ६ वर्षांच्या मुलाला पूरक आहार, वजन-उंचीची नोंद, लसीकरणाची आठवण, आणि शाळापूर्व शिक्षण. मावशींच्या नातीला मी घेऊन आले तेव्हा खोली दहा बाय दहाची, भाड्याची, एका कोपऱ्यात खिचडीचं पातेलं, दुसऱ्या कोपऱ्यात सेविका मोबाइलवर पोषणाच्या नोंदी भरतेय. नोंदींतच तिचा निम्मा वेळ जातो हे डोळ्यांना दिसत होतं. तरी ती पोरगी मला, एका अनोळखी बाईला, सगळे वार आणि सगळे महिने हातवारे करून म्हणून दाखवत होती. खेळायला अंगण नाही आणि शौचालय वस्तीचं सार्वजनिक, या दोन गोष्टींनी मुंबईतली अंगणवाडी मागे पडते. तुमच्या भागातली जर महापालिकेच्या शाळेच्या आवारात भरत असेल तर एकदा नक्की बघून या. त्याच आवारात पालिकेची बालवाडी असू शकते आणि पालिकेच्याच काही मुंबई पब्लिक स्कूल्समध्ये नर्सरीपासून इंग्रजी माध्यम आहे. तिथे अर्ज जास्त आले की सोडत निघते.

मॉन्टेसरीबद्दल थोडक्यात. इटलीच्या मारिया मॉन्टेसरींच्या शिक्षणपद्धतीचं हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, त्यामुळे कुणीही पाटीवर लिहितं. खरी ओळखायची खूण: ३ ते ६ वयाची मुलं एकाच वर्गात मिसळलेली, साहित्य बुटक्या उघड्या कपाटांत, आणि मुलं दोन-अडीच तास मध्ये घंटा न वाजता आपापल्या कामात. बाईंनी प्रशिक्षण कुठे घेतलं तेही विचारा. नणंदेच्या मुलाची शाळा खरी निघाली. तो चार वर्षांचा असताना थेंब न सांडता सरबत ओतायचा. पुढे पहिलीत पस्तीस मिनिटांच्या तासाला बसायला मात्र त्याला दिवाळी उजाडली. फी मुलीच्या नर्सरीहून बरीच जास्त.

मजा अशी की अंगणवाडी आणि मॉन्टेसरी या चुलत बहिणी आहेत. मॉन्टेसरींच्या विचारांवर वाढलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ ला डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. पुढे त्याच भागातल्या कोसबाडला सहकारी अनुताई वाघांबरोबर त्यांनी महागड्या साहित्याऐवजी खडे, पानं, बिया वापरून आदिवासी पाड्यातल्या अंगणात वर्ग भरवला. अंगणवाडी हा शब्द त्याच कामातला. चर्चगेटहून डहाणू लोकल पकडली की पोचता येईल इतकं ते जवळ आहे. एका बहिणीची फी आज लाखाच्या घरात आणि दुसरीत मूल घालायला लाज वाटते.

बघायला जाल तेव्हा ओपन हाउसला जाऊ नका, सुटायच्या वेळी जा. गेटवर उभं राहा. बाई मुलांना नावाने हाक मारतात की 'बेटा' म्हणून भागवतात, ते ऐका. टॉयलेट बघायला मागा. जिना किती उंच, आग लागली तर दुसरा दरवाजा कुठे, तेही. आणि पावसात चालत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. जुलैत एलबीएस रोडवर रिक्षात अडकलेलं तीन वर्षांचं मूल शाळेत पोचेपर्यंत झोपलेलं असतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रीतीची मुलगी नोव्हेंबरची, दोघं नोकरीला, सासू सावंतवाडीला. तिला मी म्हटलं, या जूनला शाळाच नको, आपल्या विंगमधल्या वैद्यकाकूंच्या पाळणाघरात वर्षभर खेळू दे, पुढच्या जूनला शिशुवर्ग. ते तिला पटलंय. सासूबाई जानेवारीत येणार आहेत, त्यांना ते पटलं नाही तर समजवायला मला वर बोलावणार आहे म्हणाली.